खाडीकडच्या बागेचा अभ्यास

ती. आईंच्या पायांवर पुण्याहून सुनेचं डोकं.

आम्ही खुशाल आहोत. यांचं पंचेचाळिशीतलं एमबीए नोकरी सांभाळून चाललं आहे. तब्येत बरी आहे, फक्त जेवताना फोनवर इंग्रजी बोलतात. तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना?

फोनवर हे शेजारीच असतात, म्हणून लिहिते. यांच्या वर्गाने प्रोजेक्टसाठी आपलं देवबागचं घर निवडलंय. वर्गातले बिल्डर पारेख परवा जेवायला आले होते. सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि विचारलं काय, तर खाडीकडची माडांची बाग कुणाच्या नावावर?

मी म्हटलं, "आमच्या ग्रामदेवाच्या, रवळनाथाच्या."

हे हसले. "अगो, अभ्यास करतत ते!"

अभ्यासाला सातबारा कशाला लागतो?

शनिवारी दोघेही तिकडे येतील. पाहुणचारात कमी करू नका, पण सही कशावरच नको. देवाला पाकळ्या लावून, कुठल्या बाजूची आधी पडते ते पाहून कौल घेतल्याशिवाय आमच्यात काही ठरत नाही, असं सांगा. पारेख तोंड वाकडं करतील, करू देत. पण "कौल कशाक?" असं यांनीच विचारलं, तर मला लगेच कळवा. हे तिकडून निघाले की फोन करा, तेव्हा माझ्या शेजारी नसतील.

देव तुम्हाला सांभाळो.

तुमची
प्राजक्ता