मानेची शीर की खांद्याची

ती. दादास,

उभ्यानेच नमस्कार. (वाकले तर उठवायला माणूस लागतो हल्ली.) तुझे गुडघे आणि वहिनीचा खोकला कसा आहे? माझं म्हणशील, तर केमोच्या दोन फेऱ्यांतच हातांच्या शिरांनी असहकार पुकारला. सुई दिसली की आत दडून बसतात. म्हणून आता गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पोर्ट बसवायचा ठरलाय. म्हणजे बटणाएवढी डबी आणि तिची नळी थेट मोठ्या शिरेत.

तो बसवायच्या पद्धती दोन. एक सर्जन खांद्याजवळ छेद देऊन, शीर डोळ्यांनी बघून नळी आत सरकवतात. फुप्फुसाला टोचायची भीती नाही, पण शीर बारीक निघाली तर दुसरी शोधा. दुसऱ्या सर्जनबाई सोनोग्राफीत बघत मानेच्या शिरेत सुई घालतात. काम झटपट, पण सुई ती सुईच. आता चपला घेताना सगळा बाजार पालथा घालणारी मी, शीर काय पहिलीच पसंत करणार? स्वतःवर आखून बघावं तर आरशात डावं-उजवं उलटं. म्हणून नवऱ्याला बनियन काढून उभं केलं आणि दोन्ही मार्ग त्याच्या छातीवर मार्करने काढले. (शाई पक्की निघाली. सगळं वाचणारी मी, मार्करवरचं तेवढं वाचायचं राहिलं.) दुसऱ्या दिवशी तो बीपी दाखवायला गेला. डॉक्टरांनी शर्टाची बटणं उघडून विचारलं, "यातलं कोणतं ऑपरेशन ठरलंय?" हा म्हणतो, "ते बायको ठरवतेय."

हसलास ना? मीही हसले. पण या तुलनेपायी मी तारीख दोनदा पुढे ढकललीय. काल सर्जनबाईंनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. वाईट आहे ती तिसरी, तुमची. थांबून राहायची." तेव्हापासून स्वतःला विचारतेय : मी खरंच चांगली शीर शोधत होते, की निवड चालू आहे तोवर आजार थांबून राहील, अशी स्वतःची समजूत घालत होते? उत्तर मिळालंय. लिहीत नाही.

तुझी,
धाकटी

ता.क. : गुरुवारी सकाळी. मानेची शीर. एवढा अभ्यास करून कारण काय, तर त्या बाई आधी मोकळ्या होत्या.

ता.क. २ : तू येशील का? रक्ताचं नाव काढलं तरी तुला घेरी येते, ठाऊक आहे. म्हणूनच तू हवास. नवरा फार धीराचा आहे रे, त्याच्यासमोर घाबरता येत नाही. तू नुसता बाहेरच्या बाकावर पांढराफटक होऊन बस. आत जाताना मला कुणाला तरी "काही होत नाही रे" म्हणायचंय, म्हणजे ते माझ्याही कानावर पडेल.