सुजूसाठी मोठी स्क्रीन

७ जाने. २०१३, सोम.
ड्यूटी गोंदिया–कोहमारा–देवरी, दोन फेऱ्या. टाचा ठणकून राहिल्या. सव्वीस वर्षं कंडक्टर म्हणून चालत्या गाडीत उभा आहे, आता टाचा माझ्या म्हणवत नाहीत.
घरी आलो तर सुजू दारातच. फॉर्म मंजूर. बँकेची परीक्षा मार्चमध्ये. गोंदियात ज्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ती सराव करायची तो कायमचा बंद पडला, ते लोक नवा घेणार नाहीत. म्हणजे लॅपटॉप आपल्यालाच घ्यावा लागेल. पंचवीस हजार आहेत. त्यावर काही नाही, हे रंजनाला आणि पोरीला दोघींना सांगून टाकलं.
सुजू म्हणाली, "बाबा, मले पंचवीसचा नाही लागत."
रंजना म्हणाली, "तू चूप बस."

१० जाने., गुरु.
ज्याला त्याला विचारलं. चूकच केली. डेपोत प्रत्येकाचा भाचा नाहीतर साळा कॉम्प्युटरवाला. कुणी म्हणतो रॅम पाहा, कुणी म्हणतो गॅरंटी. एक म्हणाला वजन पाहा, जसा काही मलाच तो डोक्यावर वाहायचा आहे. माझे ड्रायव्हर पटलेभाऊ तेवढे सरळ बोलले. "बस घेताना काय पायतो आपन? इंजन. रंग कोन पायते?"
मी म्हटलं, माझी बायको पाहते. तिला लाल हवा. सुजूला लहानपणी लाल आवडायचा म्हणून.
पटलेभाऊंनी गिअर टाकला.

१६ जाने., बुध. सु.रजा (साप्ताहिक)
सुजूला घेऊन दुकानात. रंजनाला सोबत नेलं नाही, ती नळाच्या पाण्यासाठी थांबली.
दुकानदार चाळिशीतला, पान खाणारा, माणूस बरा. पंधरा इंची स्क्रीनवर मासे लावून दिले. "अंकल, कलर देखो, मछली कैसी चमक रही है." मी म्हटलं, चलानेवाली ये है. त्याने सुजूकडे पाहिलं, मग तिच्या काठीकडे. मासे बंद केले. ओशाळला बिचारा.
सुजूने एकेक लॅपटॉप बोटांनी तपासला. बटणं दाबून पाही, झाकण उघडून मिटून पाही, खाली कान लावून पंख्याचा आवाज ऐके. भाजी निवडावी तसं चाललं होतं. मग नागपूरच्या शिबिरात मिळालेला पेनड्राइव्ह काढला. त्यात बोलणारा प्रोग्रॅम आहे, फुकटचा. बटण दाबलं की अक्षर बोलतो, शब्द झाला की शब्द. आवाज नाकातला, तिला मात्र गोड लागतो.
दुकानदार म्हणाला, "फिर तो बेटा, तुमको स्क्रीन का क्या काम?" आणि जीभ चावली.
सुजू हसली. "वही तो. टूटा हुआ है क्या कोई?"
होता. कोपऱ्यात, पिशवीत. कुणाच्या हातून पडलेला, काच तडकून पूर्ण काळी. बाकी ठणठणीत, बटणं सगळ्यांत छान. "इसका तो कोई गिराहक ही नहीं." अकरा हजारात देतो म्हणाला. सुजूने पेनड्राइव्ह लावला, थोडं खाटखुट केलं आणि त्या काळ्या काचेतून आवाज आला. दुकानदार दोन पावलं मागे सरकला. नंतर स्वतःलाच हसत बसला.
उरलेल्या पैशात स्कॅनर येतो. पुस्तकाचं पान त्यावर ठेवायचं, लॅपटॉप ते वाचून दाखवतो. इंग्रजी तरी चांगलं वाचतो. तिची चारही गाइडं इंग्रजीत.
येताना बसमध्ये पोरगी गाणं गुणगुणत होती. किती दिवसांनी.

१६, पुढे
घरी सांगितलं आणि आग लागली.
"माह्या लेकीले फुटका लॅपटॉप? लोकाईच्या हातचा पडलेला? आंधळी हाय म्हून?" रंजना तो शब्द कधी तोंडातून काढत नाही. आज काढला आणि स्वतःच पदर तोंडाला लावून आत गेली.
थोड्या वेळाने बाहेर येऊन मला म्हणाली, "उद्या पोरीले दिसाले लागलं तं? त्या काळ्या काचेत पायन का ते?"
मी जेवलो. वरण खारट होतं, तेही बोललो नाही.

१७ जाने., गुरु.
ड्यू. तिरोडा. बोदलकसाच्या मासेवाल्या बाया टोपल्यांसकट चढल्या, त्यांच्याशी रोजची हुज्जत. आज घातली नाही. त्यांनाच चुकल्यासारखं झालं. एक म्हणाली, "काऊन जी, तब्येत बरी नाही का?"
काय सांगू. दोन वर्षं झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी रंजनाला औषधं आणायला खाली पाठवलं आणि मला सांगितलं, नस सुकली, आता येणार नाही, आशा लावून ठेवू नका. पंधराव्या वर्षी तापात गेलेली नजर, तेव्हापासून दवाखाने हिंडत होतो, तो शेवटचा. रंजना औषधं घेऊन वर आली. काय म्हणाले? मी म्हटलं, पाहू म्हणाले.
पाहू. एवढ्या एका शब्दावर बाई दोन वर्षं जगून राहिली. रोज सकाळी पोरीला उठवताना पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे पाहते. आणि मी रोज ते पाहतो. भित्रा आहे मी. फुकट्या प्रवाशाला भर गाडीत उतरवतो, बायकोसमोर दातखीळ बसते.
फुटका घ्यायचा तर ते सांगावं लागेल. नाही सांगितलं तर मोठा घ्यावा लागेल, आणि स्कॅनर येणार नाही. स्कॅनर नाही तर ती वाचणार कशावर?

१९ जाने., शनि.
सुजू सोबत होती, तिला गोंदियात मैत्रिणीकडे सोडायचं होतं. गाडी रिकामी. माझ्या सीटवर बसली, खिडकीकडून. आमच्या बिरसीहून निघाल्यापासून एकेक थांबा आधीच सांगते, ही लहानपणची सवय. अचानक म्हणाली,
"बाबा, मोठाच घेऊन टाका."
काऊन?
"आईसाठी. डॉक्टर बोलले ते मले माहीत हाय. पडद्याच्या मागं तं बसवलं होतं तुमी मले."
माझ्या हातातलं तिकीट मशीन उगाच कागद ओकत राहिलं. दोन वर्षं! मी आईपासून लपवतो आणि पोरगी आम्हा दोघांपासून.
म्हटलं, स्कॅनरचं काय? परीक्षा?
"होते काहीतरी. आईले नका सांगू बस."
पुढे थांबा आला. दोघं चढले. तिकिटं फाडली. सुटे पैसे चुकीचे दिले, एकाने परत आणून दिले. रडू येत होतं, पण खाकीत रडता येत नाही.

२३ जाने., बुध. सु.रजा
तिघंही गेलो. रंजनाने ठेवणीतली निळी साडी नेसली, लग्नाला निघाल्यासारखी.
पंधरा इंची. लाल नव्हता, काळाच. दुकानदाराने रंजनाला मासे दाखवले, तिला ते फार आवडले. मग मासे बंद करून तो बिलाचं पुस्तक शोधायला लागला. सुजू बटणं पाहत होती, तीही थांबली. लॅपटॉप तसाच उघडा पडला. असा पडला की थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप विझते, बॅटरी वाचवायला. तशी विझली. ठार काळी.
त्याच वेळी रंजनाने लॅपटॉप उचलून पोरीच्या तोंडाजवळ नेला. "सुजू, पाय बरं. काही तं वाटते का?" भर दुकानात. दोन गिऱ्हाईकं उभी.
सुजू म्हणाली, "हो आई. उजेड वाटून राहिला. थोडासा."
मी गार. दुकानदाराचा हात बटणाकडे गेला, माझ्याकडे पाहून त्याने तो मागे घेतला. रंजना पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. स्क्रीन तिच्या हातात, पलीकडे तोंड करून.
"हाच द्या," रंजना म्हणाली.
पैसे दिले. पंचवीसमधले पाचशे उरले. दुकानदाराने दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं, "अंकल, सात दिन है. डिब्बा-बिल लाओगे तो बदल दूँगा. वो टूटावाला रख के रखता हूँ." मी मान हलवली. कशासाठी हलवली देव जाणे, आणि देव तर आम्ही मानत नाही.

२४ जाने., गुरु.
ड्यू. देवरी. घरी आलो तर नवीनच प्रकार. स्कॅनर नाही, म्हणून रंजना गाइड घेऊन बसलेली. आठवी पास. इंग्रजीचं वाचन येत नाही, अक्षरं येतात. एकेक अक्षर बोलते, "आर... ई... एस... ई...", सुजू ते दाबते, शब्द संपला की लॅपटॉप तो नाकातून बोलतो, "रिझर्व्ह." रंजना म्हणते, "असं म्हन्ते होय त्याले!"
हसू आलं, खरं सांगतो. चांगलं वाटलं पाहून. मग विचारलं किती झालं? तीन तासांत एक पान.
चार गाइडं. हिशेब करायची गरज नाही.

२६ जाने., शनि.
सकाळी झेंडा, मग ड्यू. संध्याकाळी मी वाचायला बसलो. मॅट्रिक असून अडखळतो. तशात बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती, ती आली की आम्ही थांबतो. सुजू आवाजावरून सांगते, हा नवीन पोरगा आहे, वळताना घाबरते. पाच पानं झाली. घसा बसला. उद्या गाडीत "पुढे सरका" कुठल्या घशाने म्हणू?
सुजू कुरकुर करत नाही. तीच वाईट गोष्ट आहे. केली असती तर मला तोंड उघडायला निमित्त झालं असतं.
रंजना रोज संध्याकाळी पदराने स्क्रीन पुसते.

२८ जाने., सोम.
कोहमाऱ्याला गाडी पंक्चर. धाब्यावर चहा. पटलेभाऊंना सगळं सांगितलं, पहिल्यांदा कुणाला सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या घरात तिघं ड्रायव्हर, बेल कोनी वाजवत नाही." एवढं बोलून स्टेपनी काढायला लागले.
घरी आलो. रंजना अक्षरं वाचत होती. लॅपटॉप चालू, आवाज येत होता. स्क्रीन मात्र काळी.
म्हटलं, बिघडला का?
रंजना पुस्तकातून मान वर न करता बोलली, "मीच बंद केली. बॅटरी खाते."
सुजूची बोटं थांबली. मग चालू झाली.

२९ जाने., मंगळ.
ड्यू.वरून लवकर. सुजू अंगणात, पेरूखाली, कानात वायर घालून. रंजना चुलीपाशी, भाकर थापत. मी पाणी प्यायला गेलो तर भाकरीवरचे हात न थांबवता म्हणाली,
"त्या दिवशी दुकानात स्क्रीन बंद होती. मी पायलं."
मी तांब्या उचलला.
"उचलली तवाच पायलं. मंग पोरगी म्हनाली उजेड वाटते." भाकर उलटी केली. "माह्यासाठी खोटं बोलून राहिली लेक. भरल्या दुकानात मी तिले खोटी कशी पाडू? म्हून म्हटलं, हाच द्या."
मग विचारलं, "डॉक्टरनं तुमाले सांगतलं होतं ना?"
हो म्हटलं. शेवटी म्हटलं. दोन वर्षांनी, चुलीपाशी, हातात तांब्या घेऊन. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भाकर जळली. आमच्या घरात रंजनाच्या हातची भाकर जळलेली मी पहिल्यांदा पाहिली. तीच ताटात घेऊन बसली, दुसरी घेऊ दिली नाही.
जेवून झाल्यावर म्हणाली, "बिल कुठं हाय?"
बिल याच वहीत होतं, तेवीसच्या पानात. खोकं पलंगाखाली, थर्माकोलसकट. उद्या माझी सु.रजा आहे आणि उद्याच सातवा दिवस. दुकान दहाला उघडतं. तो फुटका अजून असेल तर स्कॅनरही येतो.
"पन मी पायलं होतं, हे तिले सांगू नका," रंजना म्हणाली. "तिले वाटन, आईची आस गेली."
मग लॅपटॉप का बदलून आणला, हे सुजूला काय सांगायचं? दोघं बसलो विचार करत. सुचलं नाही. ती अंगणातून आत आली, भिंतीला हात लावत, आणि म्हणाली, "काय झालं? इतके चूप काऊन?"