सहसंपादकांची सहमती नामंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

मार्फत : सहसंपादक, त्रैमासिक 'शाई आणि सत्ता' (सध्या मुक्काम मुलीच्या घरी, सही व शेऱ्यासाठी)

विषय : 'शाई आणि सत्ता'च्या सहसंपादकांनी अर्जदाराचे म्हणणे अचानक मान्य केल्यामुळे ओढवलेल्या संकटाबाबत.

संदर्भ : आपले पत्र. ("त्रैमासिकाचा संक्षिप्त इतिहास दोन्ही संपादकांच्या सहीने सादर करावा, अन्यथा त्रैमासिक बंद समजून खोली परीक्षा विभागाकडे देण्यात येईल.")

महोदय,

१. अर्जदार हा वृत्तपत्रविद्येचा निवृत्त प्राध्यापक असून सदर त्रैमासिकाचा संपादक आहे. सहसंपादक हे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. विभागाचे शिपाईमामा अर्जदारास 'शाईवाले' आणि त्यांना 'सत्तावाले' म्हणतात. तीच नावे सोयीसाठी पुढे वापरली आहेत. आपण इतिहास मागितला आहे आणि अर्जदार तो देत आहे. त्यावर दुसरी सही का नाही, हे समजण्यासाठी मात्र तो सगळा वाचावा लागेल. त्यास अर्जदाराचा नाइलाज आहे.

२. प्राध्यापकांच्या खोलीत चहाच्या वेळी शाईवाले म्हणत, की वर्तमानपत्रे सरकारे घडवतात. सत्तावाले म्हणत, की सरकारे वर्तमानपत्रे पाळतात. यावर रोज एवढी जुंपे, की गणिताच्या बाई आपला कप घेऊन व्हरांड्यात जात. अखेर तेव्हाच्या कुलगुरूंनी दोघांना बोलावून सांगितले, "अहो, हेच लिहून भांडा ना! निदान आवाज तरी होणार नाही." अशा रीतीने माध्यमे आणि राजकारण या विषयावरील या त्रैमासिकाची स्थापना झाली. जागा म्हणून जुन्या खेळसाहित्याची कोठी मिळाली. तीत उड्या मारायचा एक लाकडी घोडा होता, तो काही केल्या दारातून बाहेर निघेना. मग त्याच्याच पाठीवर मुद्रिते तपासण्याचे ठरले. घोड्याच्या एका अंगाला शाईवाले आणि दुसऱ्या अंगाला सत्तावाले बसू लागले. त्रैमासिकाचे नाव अर्जदारास सुचले. सत्तावाल्यांना काही सुचल्याचे स्मरत नाही.

३. त्रैमासिकाच्या घटनेत एकच नियम आहे : उत्तराशिवाय काहीही छापू नये. एकाने लेख लिहायचा, दुसऱ्याने त्याच अंकात तो खोडून काढायचा. हा नियम इतका काटेकोर पाळला गेला, की शुद्धिपत्रालाही उत्तर असे. वर उल्लेखिलेले कुलगुरू वारले, तेव्हा शाईवाल्यांनी त्यांना प्रेमळ म्हणून श्रद्धांजली वाहिली आणि सत्तावाल्यांनी शेजारच्या पानावर, ते प्रेमळ नसून निव्वळ कंटाळलेले होते, हे साधार सिद्ध केले. कुलगुरूंच्या पत्नीने दुसरा लेख अधिक खरा वाटल्याचे कळवले. फाटकासमोरचा शिंपी तर अंक मागच्या पानापासून वाचायचा. त्याला आधी कोण जिंकले ते हवे असे.

४. या साऱ्या वर्षांत दोघांचे एकमत फक्त एकदा झाले. नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला आलेले मंत्रिमहोदय अंक चाळून म्हणाले, "दोघांचंही पटलं बुवा आपल्याला!" असे वाक्य ज्याच्या तोंडून निघते, त्याच्या हाती राज्यकारभार असू नये, असा अग्रलेख दोघांनी मिळून लिहिला. तो प्रामुख्याने अर्जदाराचा होता. (त्यानंतर विभागाचे पंखे बरेच महिने दुरुस्त झाले नाहीत, पण तो वेगळ्या अर्जाचा विषय आहे.)

५. आता मूळ तक्रार. सत्तावाल्यांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी जिने चढणे, मीठ आणि वाद या तिन्ही गोष्टी बंद केल्या. पाठोपाठ अर्जदाराच्या लेखाला उत्तर म्हणून एक ओळ आली : "आपले म्हणणे मान्य आहे." अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले. तो तडक त्यांच्या मुलीच्या घरी गेला. सत्तावाले दूरचित्रवाणीपुढे बसले होते. पडद्यावर चार जण एकाच वेळी ओरडत होते आणि हे चौघांनाही मान डोलावत होते. वहिनी अर्जदारास बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, आता हे भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करत नाहीत. परवा त्याने स्वतःहून भाव कमी केला, घाबरून." अर्जदाराने खातरजमेसाठी सत्तावाल्यांना मुद्दाम म्हटले, की लोकशाहीत विरोधी पक्षाची काही गरज नसते. ज्या माणसाने या एका विधानासाठी पूर्वी अर्जदाराच्या दिशेने डिंकाची बाटली फेकली होती, तो म्हणाला, "तेही खरंच आहे." महोदय, मी जिन्यात रडलो. 'मी' हा शब्द अर्जात बसत नाही, याची जाणीव आहे. तो 'अर्जदार' असा वाचावा.

६. आपल्या कार्यालयाने तोंडी सुचवल्याप्रमाणे पर्यायही करून पाहिले. राज्यशास्त्राचे नवे अधिव्याख्याते सज्जन आहेत, पण त्यांची बढती अडकलेली आहे. त्यांचे खंडन "सरांच्या म्हणण्यात तथ्य आहेच" असे सुरू होते आणि तिथेच संपते. त्यांना चिडवण्यासाठी अर्जदाराने त्यांच्या प्रबंधाला भिकार म्हटले, तर त्यांनी आभार मानले. त्यांच्यापुढे हात टेकून अर्जदाराने स्वतःच स्वतःला उत्तर लिहिले. उत्तर बिनतोड निघाले आणि अर्जदार हरला. पण घोड्याच्या पलीकडे खो खो हसायला कोणी नव्हते, त्यामुळे हरल्यासारखेही वाटले नाही.

७. परिणामी अंक निघालेला नाही. वरील इतिहासही नियमाप्रमाणे छापता येत नाही, कारण त्याला उत्तर नाही. सत्तावाले हल्ली सर्व काही मान्य करत असल्याने, अर्जदार लिहील तोच इतिहास ठरेल. जन्मभर ज्याची हाव धरली, ते आयते पदरात पडले आहे, आणि महोदय, यात काडीची मजा नाही. खोली गेली, तर घोड्यासाठी भिंत पाडावी लागेल, हा खर्चही परीक्षा विभागाने लक्षात घ्यावा. पण खरे भय खोलीचे नाही. या माणसाने आयुष्यभर अर्जदाराचे प्रत्येक वाक्य शत्रूच्या नजरेने वाचले. इतक्या बारकाईने अर्जदारास दुसऱ्या कोणीही वाचलेले नाही, घरच्यांनीही नाही. तो भांडायचा थांबला, तर अर्जदाराने कोणासाठी लिहायचे?

८. सबब विनंती, की –
(अ) सहसंपादकांची सहमती विहित नमुन्यात नसल्याने ती नामंजूर करावी.
(आ) ते अर्जदाराशी सहमत का आहेत, याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस द्यावी. नोटिशीची भाषा शक्य तितकी उर्मट असावी. सरकारी उर्मटपणावर त्यांचा विशेष राग आहे, त्याने गुण येईल.
(इ) तोवर खोली व घोडा यांना हात लावू नये.

तब्येतीची जोखीम अर्जदार जाणतो. त्यांना त्रास व्हावा असा हेतू नाही. पण गप्प बसून ते बरे होत आहेत, असे अर्जदारास मुळीच वाटत नाही, आणि या बाबतीत डॉक्टरांपेक्षा अर्जदाराचा अनुभव जास्त आहे. कळावे.

आपला नम्र, पण मुद्द्यावर कायम,
(सही)
संपादक, 'शाई आणि सत्ता'
सोमवार, कार्यालय उघडण्यापूर्वी.

सोबत : सहमतीचे पत्र, मूळ प्रत. (परत करू नये.)

सहसंपादकांचा शेरा :

सही करत नाही. परिच्छेद दोन धादांत खोटा. नाव माझ्या बायकोने सुचवले, त्याच घोड्याला टेकून, आणि तेव्हा शाईवाले "शी, हे कसलं नाव" म्हणाले होते. तिला विचारा, ती इथेच उभी आहे. मंत्र्यांवरचा अग्रलेख माझा. यांनी स्वल्पविराम घातले, तेही चुकीच्या जागी. डिंकाची बाटली फेकली नव्हती, सरकवली होती. जिन्यातले रडणे मात्र खरे आहे. मी गॅलरीतून पाहत होतो, त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही. बाकी हा इतिहास ओळीगणिक खोडून काढणे भाग आहे. डॉक्टरांना विचारले. बसून, आवाज न करता भांडायला त्यांची हरकत नाही. उत्तर लिहायला घेतले आहे. माझ्या बाजूची पाने राखून ठेवावीत.

ताजा कलम, अर्जदाराकडून :

महोदय, वरील शेरा अर्जदारास आद्यंत अमान्य आहे. विनंती (अ) व (आ) मागे घेत आहे. इतिहास उत्तरासह पुढच्या अंकात सादर होईल. शिपाईमामांनी घोड्याची पलीकडची बाजू आजच पुसून ठेवली आहे.