अंगठ्याचा बाण

१२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा खोकला गेला, आता माझ्याकडे मुक्कामाला आलाय. गॅलरीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला.

पत्राचं कारण म्हणजे हॉस्पिटलातल्या आमच्या फिजिओथेरपी विभागाची माहितीपत्रिका. पक्षाघातानंतर हाताचे व्यायाम घरी कसे करायचे, हे एकेका पेशंटच्या घरच्यांना सांगून माझा घसा बसतो, म्हणून छापायचं ठरलं. आमच्या डिझायनरने नेटवरून चित्रं शोधून आणली. पहिलंच चित्र बघितलं आणि करंगळीचं ते वाकडं पेर ओळखलं. आईचा हात. घरी कपाटावर चिकटवलेली चित्रं तू नेटवर टाकलीस, हे मला ठाऊकच नव्हतं. खाली नाव 'धाकटा', आणि खुल्या परवान्याची सूचना: कुणीही वापरा, बदला, वाटा; फक्त श्रेय द्या.

डिझायनरने लिहून ठेवलं होतं, 'सौजन्य: इंटरनेट'. मी म्हटलं, "इंटरनेट काय तुझा मामा लागतो? त्याने काढली का चित्रं?"

"मॅडम, फुकटची आहेत."

"फुकट आहेत, बेवारस नाहीत." त्याला समोर बसवून नीट ओळ लिहून घेतली: चित्रांचं शीर्षक, तुझं नाव, मूळ पानाचा पत्ता, परवाना कोणता. तुझ्या नावासाठी एवढी भांडले, आणि घरी पोचेपर्यंत मला तुझाच राग आला होता.

कारण व्यायाम माझे आहेत रे. टॉवेलची गुंडाळी, कपड्यांचे चिमटे, कणकेचा गोळा. पक्षाघातानंतर पुस्तकातलं आईला जमेना, तेव्हा रोज डोकं खाजवून मी ते बसवले. तू सुट्टीत आलास, कोपऱ्यात बसून काढलेस. छान काढलेस. नियमाने तुझं काही चुकलेलं नाही. चित्र तुझं, म्हणून श्रेय तुझं. व्यायाम कुणी बसवले ते लिहा, असं कुठलाच परवाना सांगत नाही. पण आई येईल त्याला कपाटापाशी नेते आणि म्हणते, "धाकट्याने माझा हात बरा केला." मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असते. वाईट वाटतं, लपवून काय करू.

आता एक गंमत. चौथ्या चित्रात अंगठ्याचा बाण तू उलटा काढलायस. तसा अंगठा ओढला तर सांधा दुखावेल. आई चित्र बघून नाही, माझं ऐकून करायची, म्हणून वाचली. मी बाण फिरवून घेतला. आणि बदल केला तर तसं लिहा, ही तुझ्याच परवान्याची अट. त्यामुळे छापायला गेलेल्या ओळीत तुझ्या नावापुढे आणखी एक वाक्य आहे: 'बदल: चौथ्या चित्रातला बाण, ताई.' तू धाकटा, तर मी ताई.

मूळ चित्रही सुधार, लोक वापरतायत. आणि आईला खरं काय ते तूच सांग. मी सांगितलं तर तिला भांडण वाटेल. फोनवर नको. इथे येऊन सांग, मी चहा घेऊन बाहेर येईन तेव्हा.

बदलाला मूळ चित्रकाराची संमती आहे असं भासवू नये, अशीही अट वाचली. म्हणून बाणाचं विचारत नाही, कळवते.

तुझी,
बदल करणारी
ताई