डाव्या अंगाची शीर

आई, गुडघे कसे आहेत तुझे? दादांचा खोकला थांबला का? आत्याला आता सुईत दोरा ओवता येतो का? तुम्ही तिघंही कधीच गेलात, पण खुशाली विचारल्याशिवाय माझा हात पुढे चालत नाही.

मी कतारमध्ये, दोह्यात मुलाकडे असतो. अल अझीझियातल्या एका शिंप्याच्या दुकानात अजून कापड बेततो. फुटबॉलचा वर्ल्डकप तोंडावर आलाय. गणवेश, झेंडे, मान वर करायला फुरसत नाही. तशात कात्री चालवताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तपासणीत ठोके मंदावलेत, पेसमेकर बसवायला हवा, असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंकल, खाना किस हाथ से खाते हो?" मी म्हटलं, उजव्या. मग कामाचा हात मोकळा राहावा म्हणून यंत्र डावीकडे बसवायचं ठरलं. आई, तू चापट्या मारमारून मला उजव्याने जेवायला लावलंस. कात्री मात्र मी माझी मी शिकलो, ती डावीतच राहिली. हे त्यांना सांगायचं सुचलंच नाही बघ.

टेबलावर मी जागा होतो, नुसता खांदा बधिर केलेला. शिरेतून तार आत सरकवतात. ती उजवीकडे वळायची सोडून डाव्या अंगानेच सरळ खाली उतरायला लागली. बाई म्हणाल्या, "रुको." मग मला समजावलं. ही शीर आईच्या पोटात असताना सगळ्यांना असते, जन्माआधी बुजते. माझी उघडीच राहिली. त्या वाटेने तार धड बसायची नाही, उजवीकडून बघू.

"और वहाँ रास्ता नहीं हुआ तो?"

"तो छाती खोलनी पड़ेगी, अंकल. पहले देखने तो दो."

तिकडची वाट पडद्यावर दिसावी म्हणून उजव्या हातातून औषध सोडलं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. मी डोळे मिटून तुलाच हाक मारत होतो.

"है," बाई म्हणाल्या. "यल्ला." म्हणजे चला, इकडच्या भाषेत.

यंत्र उजवीकडे बसल्यावर त्या हळहळल्या, महिनाभर उजवा खांदा जपावा लागेल, तुमच्या कामाचं कसं? मी डाव्या हाताने हवेत कात्री चालवून दाखवली.

"पहले क्यों नहीं बताया?"

"आपने खाने का पूछा था."

तेव्हापासून एकच मनात येतं. तुझ्या पोटातली ती वाट एवढी वर्षं माझ्यात उघडी होती, आणि तुला-मला दोघांनाही पत्ता नव्हता. माझं जे जे वाकडं दिसलं ते तू सरळ केलंस. तेवढी एक जागा तुझ्या हाताखालून सुटली.

हे पत्र टाकणार कुठे? कापडाच्या नमुन्यांत ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. उजवा हात गळ्यात अडकवला होता तेव्हा सूनबाई भरवायला बसली. मी तिला नको म्हटलं आणि डाव्या हाताने वरणभात जेवलो. गोड लागला. रागावली असलीस तर तसं लिही, पण लवकर लिही.