आजोबांची उंच पायरी

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आधी पोटभर हसून घे. काल मंडईत मी चांगली आपटले. कुठे, ते सांगायला नकोच! आपल्या आजोबांनी मंडईच्या दाराशी बांधलेल्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. बाकीच्या पायऱ्यांपेक्षा ती वीतभर उंच, म्हणून सगळा गाव तिथे ठेचकाळतो आणि आजोबांच्या नावानं बोटं मोडतो. बाबांनी तर आपले वडील गवंडी होते हेसुद्धा कधी कुणाला सांगितलं नाही. आणि आता तू, त्यांचा इंजिनियर नातू, ती तोडून सारखी करायचा नकाशा काढलास. घराण्याचा डाग पुसतोय म्हणून मिरवलास किती!

तर ऐक. घरंगळलेली लिंबं गोळा करायला खांबाशी वाकले, तर भाजीच्या पाट्यांमागे दगडात एक आडवी रेघ कोरलेली. खाली लिहिलंय, पूर. रेघ त्या पायरीच्या जेमतेम खाली. तेलवाल्या आजींना विचारलं. म्हणाल्या, त्या लहान असताना नदीचं पाणी तिथवर चढलं, आतलं सगळं धान्य कुजलं. मग आजोबांकडून जिना नव्यानं बांधून घेतला, आणि त्यांनी ती पायरी मुद्दाम उंच ठेवली. पुढच्या पुरात पाणी तिथूनच मागे फिरलं म्हणे. नंतर धरण झालं आणि सगळे विसरले.

अरे शहाण्या, चूक आजोबांनी केली नाही, तू करायला निघालायस! पहार पडायच्या आत काम थांबव.

गुडघा ठणकतोय, जीभ शाबूत आहे. लोभ आहेच, रागही आहे, तो काम थांबल्यावर जाईल.

तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाटलं, पडल्याचा राग माझ्यावर काढतेयस. तरी मोजणीवाल्याला पाठवलं. मंडईच्या आतली फरशी त्या रेघेपेक्षा बरीच खाली निघाली. मी टेबलावर बसून फक्त जिना काढला होता, आत डोकावलोच नव्हतो. दारात पाणी अडवणारी ती पायरीच गेली असती, तर धरणाचं पाणी सोडल्यावर येणाऱ्या पहिल्याच पुरात सगळी दुकानं बुडाली असती.

नकाशा मागे घेतला. साहेब जाम तडकले, तडकू देत. पायरी राहील, बाजूला कठडा येईल. बाबांना मात्र तूच सांग, माझी छाती होत नाही.

कान पकडलास, आता सोड. माया तेवढी सोडू नकोस.

तुझा धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी काठी उचलली आणि निघाले. मला धसका बसला, मागोमाग धावले. तर हे मंडईच्या वरच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत, जपून चढा, माझ्या वडिलांनी बांधलीय.

आता रोज तिथेच असतात. जेवायलासुद्धा बोलावून आणावं लागतं.

सुट्टी काढून ये. तुलाही अडवून सगळं सांगतील. पहिल्यांदाच ऐकतोयस असं ऐक.

तुझी ताई