ई-रिक्षातले किलोमीटर

१२ डिसेंबर

अकरा दिवस वही उघडली नाही. थंडीनं बोटं आखडतात वगैरे – खोटं! लिहायला बसलो असतो तर खरं लिहावं लागलं असतं.

तर लिहितो. त्या सोमवारी पहाटे शर्यतीच्या सरावाला निघालो. रायपूरच्या थंडीत समता कॉलोनीपर्यंत कसाबसा गेलो. कान बधिर, नाकाला धार. मागून आमच्या गल्लीतल्या अच्युतभैयाची ई-रिक्षा आली, भाजीची पोती भरलेली. "काहून गारठून राहिला बे? बस." सायकल पोत्यांवर टाकली अन् बसलो. फोनमधलं किलोमीटर मोजणारं अ‍ॅप बंद करायचं विसरलो. खरंच विसरलो – पहिल्या दिवशी.

घरी येऊन पाहतो तर अठ्ठावीस किलोमीटर! ई-रिक्षाची चाल सायकलीएवढीच. आकडा आपोआप क्लबच्या ग्रुपवर गेला. रत्नाकर सरांचा अंगठा आला. क्लब तेच चालवतात, अंगठा सहसा कोणाला देत नाहीत. मले इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशीही बसलो. मग रोजच.

१३ डिसेंबर

आज नक्की सायकल, असं ठरवून निघालो. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत एक कुत्रं स्वेटर घालून उभं. चार पायांना चार बाह्या! कोणी विणल्या असतील? पाहतच राहिलो. उशीर झाला. मग रिक्षा.

अच्युतभैया म्हणे, "रेस रिक्शा की है क्या?" हसलो. काय करणार?

१५ डिसेंबर

जानेवारीत नागपूरला साठ किलोमीटरची शर्यत. टीममध्ये चौघं, चौघांचा वेळ मिळून धरतात. ग्रुपवरच्या किलोमीटरवरून निवड झाली, चौथा मी!

क्लबमधल्या कौमुदीचं नाव कटलं. ती रोज पाचला निघते. ओठ फुटलेले, हातमोज्यांना भोकं. माझ्यापेक्षा एकोणीस किलोमीटर मागे – म्हणजे माझ्यापेक्षा नाही, अच्युतभैयाच्या रिक्षापेक्षा.

"बधाई हो," म्हणाली. "तू तो सुधर गया यार." चिडली असती तर बरं होतं.

१६ डिसेंबर

आईनं निवडीचा शिरा केला. दोनदा घेतला. लाज वाटली तरी घेतला.

१८ डिसेंबर

खरोखर चालवली. नव्या रायपूरचा मोकळा रस्ता, समोरून वारा. चौदा किलोमीटरला पाय गेले. कडेला बसून ओकलो.

१९ डिसेंबर

तात्यापाऱ्यात सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. सर चहा गाळत होते, गाळणी हातातच राहिली.

"पोट्ट्या, नावं काल गेली पुढे. आता बदलत नाहीत. तू नाही आला तर टीम बाद. बाकीचे तिघं बी घरी."

वाटलं होतं शिव्या खाऊन सुटीन. शिवी एक नाही!

"अन् कौमुदीले?"

"तिले तूच सांग."

घरापर्यंत गेलो तिच्या. घंटीवर बोट ठेवलं, काढलं. परत येऊन ग्रुपवर लिहिलं – रिक्षा, पोती, सगळं. समोर उभं राहायची हिंमत नाही म्हणून. सव्वीस जणांनी वाचलं. तिनंही.

२० डिसेंबर, पहाटे पाच

आई हलवून उठवून राहिली. "विराज, अरे ऊठ! खाली कोण पोट्टी आली पाहा, सायकल घेऊन."

खिडकीतून पाहिलं. कौमुदी! तोंडाला मफलर, हेल्मेट घातलेलं. वर पाहून ओरडली –

"फोन घर पे छोड़ के उतर. आज तीस."